‘इस्ट्राडिऑल ४२’ म्हणजे कमी की जास्त?

इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर लिहिलेलं असतं : इस्ट्राडिऑल, ४२ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. शेजारी बारीक अक्षरात चार-पाच ओळींची ‘नॉर्मल रेंज’. कागद हातात आला की प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला असतो, हे कमी आहे की जास्त?

हाच ४२ वेगवेगळ्या माणसांच्या नावापुढे ठेवून बघा. २६ वर्षांच्या मुलीच्या पाळीचा तिसरा दिवस असेल तर ४२ उत्तम. त्याच मुलीचं रक्त तेराव्या दिवशी घेतलं आणि ४२ आलं, तर बीज बाहेर पडायला अजून अवकाश आहे, कदाचित या महिन्यात ते पडणारही नाही. पाळी जाऊन आठ वर्षं झालेल्या ५८ वर्षांच्या काकूंना ४२ आलं तर ते अपेक्षेपेक्षा जास्त, आणि त्या कसली गोळी किंवा जेल वापरतात का हे आधी विचारायला हवं. ४५ वर्षांच्या पुरुषाला ४२ म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर. आणि गर्भनिरोधक गोळी चालू असलेल्या बाईच्या रिपोर्टवर ४२ असो की १२, दोन्हींतून काही कळत नाही.

इंदूरमध्ये एम. वाय. हॉस्पिटलच्या आसपास, दवा बाजारालगत किंवा लोकमान्य नगरच्या कोपऱ्यावर, कुठेही ही तपासणी होते. चिठ्ठी नसली तरी होते. घरी येऊन रक्त नेणाऱ्या पॅकेजांतही आता हार्मोन्स घातलेले असतात. रक्त देणं सोपं झालंय, पण त्या दिवशी पाळीचा कितवा दिवस होता हे कागदावर कुणी लिहीत नाही. मग सगळा घोळ तिथून सुरू होतो.

हे येतं कुठून?

इस्ट्रोजेन हे एका रसायनाचं नाव नाही, ते कुटुंब आहे. पाळी सुरू असलेल्या वयात मुख्य असतं ते इस्ट्राडिऑल. तेच सर्वांत जोरकस, आणि लॅबमध्ये बहुतेक वेळा तेच मोजतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोनचं प्रमाण पुढे जातं. तिसरं इस्ट्रिऑल, जे गरोदरपणात वारेतून भरपूर तयार होतं.

तिन्हींचा कच्चा माल कोलेस्टेरॉल. त्यापासून शरीर आधी ज्यांना आपण ‘पुरुषी’ म्हणतो ती हार्मोन्स बनवतं आणि मग अ‍ॅरोमाटेज नावाचं एंझाइम त्यांचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. ओव्हरीत बीजाभोवती पेशींचे दोन थर असतात. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून आलेलं एलएच बाहेरच्या थराला पुरुषी हार्मोन बनवायला लावतं. तिथूनच आलेलं एफएसएच आतल्या थराकडून त्याचं इस्ट्राडिऑल करून घेतं. म्हणजे बाईचं सगळं इस्ट्रोजेन एकदा पुरुषी हार्मोन होऊनच आलेलं असतं.

अ‍ॅरोमाटेज फक्त ओव्हरीत नसतं. ते चरबीत, हाडांत, त्वचेत, मेंदूत आणि पुरुषाच्या वृषणातही असतं. पुढे येणाऱ्या निम्म्या गोष्टींचा उलगडा यातून होतो. पुरुषांत इस्ट्रोजेन का असतं, पाळी गेल्यावरही ते शून्यावर का येत नाही, वजन वाढलं की ते का वाढतं, हे सगळं इथेच आहे.

रक्तातलं जेमतेम दोन टक्के इस्ट्राडिऑल मोकळं असतं. बाकीचं प्रथिनांना चिकटलेलं असतं, त्यातलं एक महत्त्वाचं प्रथिन म्हणजे एसएचबीजी. साधी तपासणी मोकळं आणि चिकटलेलं असं सगळं एकत्र मोजते. थायरॉइड जास्त काम करत असेल तर हे प्रथिन वाढतं आणि एकूण आकडा फुगलेला दिसतो. लठ्ठपणात ते घटतं, आणि आकडा साधा दिसूनही मोकळ्या हार्मोनचा वाटा जास्त असतो.

एका महिन्यातला प्रवास

मोजणी सुरू होते ती नीट लाल रक्तस्राव सुरू झाला त्या दिवसापासून. आदल्या दिवशीचा तपकिरी डाग पहिला दिवस धरत नाहीत. पहिल्या तीन-चार दिवसांत इस्ट्राडिऑल साधारण २० ते ८० असतं. मग बीजकोशांच्या गटातून एक पुढे जातो, मोठा होतो आणि आकडा चढू लागतो.

इथवर इस्ट्रोजेन मेंदूला ‘पुरे, आता एफएसएच-एलएच कमी कर’ असाच निरोप देत असतं. पण पातळी २०० च्या वर जाऊन सुमारे दोन दिवस तिथे टिकली की निरोप उलटा होतो. एलएचची एकदम उसळी येते आणि ती सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांनी बीज बाहेर पडतं. औषधाच्या दुकानात मिळणारी ओव्ह्युलेशनची पट्टी लघवीतली हीच उसळी पकडते. शिखरावर इस्ट्राडिऑल २०० ते ४०० च्या आसपास असतं, मग झपकन खाली येतं. काहींना त्या वेळी एखादा डाग दिसतो, तो या उतरणीचा. पुढच्या दोन आठवड्यांत रिकाम्या झालेल्या कोशातून प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनबरोबर पुन्हा इस्ट्रोजेन तयार होतं, साधारण ६० ते २०० पर्यंत. गर्भ राहिला नाही तर दोन्ही घसरतात आणि पाळी येते.

पाळीचा दुसरा भाग बहुतेकींचा १२ ते १४ दिवसांचाच असतो. लांबतो किंवा आखडतो तो पहिला भाग. म्हणून ‘एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन करा’ हा सल्ला २८ दिवसांची पाळी असणाऱ्यांपुरता खरा. ३५ दिवसांनी पाळी येत असेल तर तीच तपासणी अठ्ठाविसाव्या दिवशी करायची, म्हणजे पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. प्रोजेस्टेरॉन ३ नॅनोग्रॅमच्या वर आलं तर त्या महिन्यात बीज पडलं असं धरतात. एकविसाव्या दिवशी रक्त देऊन ‘बीजच पडत नाही’ असा शिक्का बसलेल्या, लांब पाळीच्या किती तरी मुली असतात.

गरोदरपणात मात्र हे सगळे आकडे बाजूला ठेवायचे. शेवटच्या महिन्यांत इस्ट्राडिऑल हजारोंत जातं. वार पडल्यावर काही दिवसांत ते तळाला येतं.

रक्त देण्याआधी

उपाशी राहायची गरज नाही. गरज आहे ती तारखेची. ओव्हरीची मूळ स्थिती बघायची असेल तर रक्त पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी द्यावं आणि सोबत एफएसएच हवंच. एकटं एफएसएच फसवू शकतं. ओव्हरीत उरलेली मागच्या महिन्यातली एखादी गाठ किंवा वेळेआधी वाढू लागलेला बीजकोश असेल, तर तिसऱ्याच दिवशी इस्ट्राडिऑल ८० च्या वर असतं. ते एफएसएचला दाबून ठेवतं आणि एफएसएचचा आकडा खोटाच छान दिसतो. दोन्ही आकडे शेजारी असले की ही चलाखी उघडी पडते.

मापाचं एकक बघा. परदेशातून आलेल्या रिपोर्टवर किंवा इंटरनेटवरच्या तक्त्यात पिकोमोल प्रति लिटर असतं. त्याला ३.६७ ने भागलं की आपलं पिकोग्रॅम मिळतं. ‘१५४’ वाचून घाबरलेल्या माणसाचा आकडा प्रत्यक्षात तोच ४२ असतो.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? हा प्रश्न लॅबमध्ये सहसा विचारत नाहीत, म्हणून आपणच सांगायला हवं. शरीराला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केसांच्या गोळ्यांत ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं. अनेक मशिनांतली रासायनिक साखळी बायोटिनवरच बेतलेली असते. रक्तात ते जास्त झालं की इस्ट्राडिऑल खोटं वाढलेलं दिसू शकतं, तर टीएसएच (थायरॉइड तपासताना मोजतात ते हार्मोन) खोटं कमी. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती गोळी बंद ठेवावी.

गर्भनिरोधक गोळीचं गणित निराळं. त्यात बहुधा इथिनिल इस्ट्राडिऑल असतं. ते शरीरात इस्ट्रोजेनचं काम करतं, पण इस्ट्राडिऑलच्या तपासणीला ते दिसत नाही. ओव्हरी तर गोळीमुळे झोपलेली असते. रिपोर्टवर कमी आकडा येतो आणि तो वाचून बाई हवालदिल होते. गोळी चालू असताना ही तपासणी करूच नये.

पुरुष, लहान मुलं आणि पाळी गेलेल्या बायका यांची पातळी मुळातच कमी असते आणि नेहमीची मशिनं इतक्या खालच्या आकड्यांत चाचपडतात. निर्णय त्या आकड्यावरच अवलंबून असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्रीने केलेली तपासणी मागावी. नमुना बहुधा बाहेरगावी जातो आणि वेळ लागतो, पण उत्तर विश्वासाचं मिळतं. पुन्हा मोजायचं झालं तर त्याच लॅबमध्ये, म्हणजे तुलना करता येते.

आणि खरं सांगायचं तर पंचेचाळिशी ओलांडलेल्या, पाळी अनियमित झालेल्या, अंगातून वाफा येणाऱ्या बाईला इस्ट्रोजेन मोजायची गरजच नसते. लक्षणं पुरेशी बोलकी असतात. तो पैसा थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासण्यात घालावा.

का उतरतं?

सर्वांत मोठं कारण वय. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ५१. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं मागे वळून म्हणायचं.

त्याआधीची चार-पाच वर्षं जास्त त्रासाची. लोकांना वाटतं इस्ट्रोजेन हळूहळू, जिना उतरल्यासारखं कमी होतं. तसं होत नाही. बीजकोश कमी उरले की मेंदू एफएसएच वाढवून ओव्हरीला जोरात हाकारतो. कधी ओव्हरी अशी प्रतिसाद देते की इस्ट्राडिऑल पंचविशीतल्यापेक्षा वर जातं. त्या महिन्यात छाती दुखते, पाळी धो-धो जाते. पुढच्या महिन्यात ओव्हरी ढिम्म, इस्ट्रोजेन तळाला आणि रात्री घामाने गाऊन भिजलेला. त्यामुळे या वयात केलेली एक तपासणी फक्त त्या सकाळबद्दल सांगते. एफएसएचसुद्धा एका महिन्यात ४० आणि पुढच्या महिन्यात ९ येऊ शकतं.

वाफा येतात त्या मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रामुळे. इस्ट्रोजेन घटल्यावर त्याची सहनशक्ती इतकी आखडते की अर्ध्या अंशाच्या चढउतारालाही ते ‘उकडतंय’ समजतं, चेहरा-मानेच्या रक्तवाहिन्या उघडतं आणि घाम फोडतं. मे महिन्यात दोष उन्हाळ्यावर टाकता येतो. पण जानेवारीत, ज्या थंड रात्रींसाठी ‘शब-ए-मालवा’ म्हणतात त्या रात्री, दुलई फेकून पंखा लावावा लागत असेल तर कारण हवामान नव्हे.

घामापेक्षा गुपचूप होणारं नुकसान हाडांचं. इस्ट्रोजेन हाड कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालतं. तो आवर सुटल्यावर शेवटच्या पाळीच्या आगेमागे काही वर्षं हाडांची घनता दरवर्षी दोन टक्क्यांच्या आसपास उतरते. योनीचा अस्तरही पातळ होतो, तिथली आम्लता कमी होते, उपयोगी जंतू घटतात. मग लघवीला जळजळ आणि पुन्हा पुन्हा इन्फेक्शन. अँटिबायोटिकचे कोर्स होत राहतात आणि मूळ कारण इस्ट्रोजेन आहे हे कुणी बोलत नाही, कारण ‘तिथल्या’ त्रासाबद्दल सासू-सुना काय, बहिणी-बहिणीही बोलत नाहीत.

४० च्या आधी पाळी चार महिने थांबली तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून सोडू नका. आधी गर्भ राहिलेला नाही ना ते बघायचं, मग एफएसएच. ते २५ च्या वर असेल तर ओव्हरी वेळेआधी थकल्याची शंका असते. केमोथेरपी, ओटीपोटाला दिलेलं रेडिएशन, टर्नर सिंड्रोम, फ्रॅजाइल एक्स जनुकातला बदल, स्वतःच्या ओव्हरीविरुद्धची प्रतिकारशक्ती अशी कारणं असतात. पुष्कळदा कारण सापडतही नाही. या मुलींना इस्ट्रोजेन बाहेरून द्यावं लागतं, साधारण पाळी नैसर्गिकपणे जाण्याच्या वयापर्यंत. हे ‘हार्मोनच्या गोळ्यांचं खूळ’ नाही. ३५ व्या वर्षी इस्ट्रोजेनशिवाय राहिलेली हाडं आणि हृदय पन्नाशीला किंमत वसूल करतात.

‘पिशवी काढली’ या दोन शब्दांत आपल्याकडे दोन वेगळी ऑपरेशनं लपतात. फक्त गर्भाशय काढलं असेल तर पाळी बंद होते, पण ओव्हरी काम करत राहतात आणि इस्ट्रोजेन चालू राहतं. फार तर रजोनिवृत्ती थोडी लवकर येते. दोन्ही ओव्हरीही काढल्या असतील तर इस्ट्रोजेन एक-दोन दिवसांत कोसळतं आणि लक्षणं नैसर्गिकपेक्षा तीव्र असतात. डिस्चार्ज कार्डावर ‘बायलॅटरल सॅल्पिंगो-ऊफोरेक्टमी’ लिहिलं असेल तर दोन्ही ओव्हरी गेल्या. हे कार्ड फायलीत जपून ठेवा. दहा वर्षांनी हाडांची तपासणी करताना ‘नक्की काय काढलं होतं?’ याचं उत्तर घरात कुणालाच आठवत नाही.

आता एक कारण, जे इंदूरसारख्या शहरात फार सहज घडतं. सकाळी पोहे-जलेबीवर शेव, रात्री सराफ्यात कचोरी आणि गराडू, मग छातीत जळजळ. त्यावर सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल, तीही महिनोन् महिने. या कॅप्सुलांत अ‍ॅसिड कमी करणाऱ्या औषधाबरोबर पुष्कळदा डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं. दोन्ही प्रोलॅक्टिन हे दूध उतरवणारं हार्मोन वाढवतात. प्रोलॅक्टिन वाढलं की मेंदूकडून ओव्हरीला जाणारे इशारे मंदावतात, इस्ट्रोजेन उतरतं, पाळी लांबते किंवा थांबते, कधी मूल नसतानाही छातीतून दूध येतं. बाई स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते आणि औषधांची यादी सांगताना ती कॅप्सूल सांगत नाही, कारण ‘ते तर गॅसचं आहे’. पाकिटामागे घटकांची नावं वाचा. डॉक्टरांशी बोलून ते बदललं तर बहुतेकींची पाळी काही आठवड्यांत रुळावर येते.

मानसिक आजारावरची काही औषधं, उदाहरणार्थ रिस्पेरिडोन, हेच करतात. पण ती मनाने कधीही बंद करायची नाहीत. थायरॉइड कमी असेल तरीही प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणून टीएसएच सोबत असावं. प्रोलॅक्टिन २०० नॅनोग्रॅमच्या वर, डोकेदुखी आणि नजरेच्या कडा धूसर, असं एकत्र दिसलं तर पिट्युटरीत गाठ आहे का ते एमआरआयने बघतात.

बाळाला अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी राहतं तेही प्रोलॅक्टिनमुळेच. त्या काळातला कोरडेपणा आजार नव्हे. अति डाएट आणि अति व्यायामात मात्र वेगळी यंत्रणा आहे : शरीराला खर्चाच्या मानाने जेवण कमी पडलं की मेंदू आधी पाळीचं खातं बंद करतो. लग्नाआधी तीन महिन्यांत १२ किलो उतरवलेल्या मुलीची पाळी थांबली तर उपाय हार्मोनच्या गोळीत नाही, ताटात आहे.

टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटचं फेनिटोइन किंवा कार्बामॅझेपिन ही औषधं यकृताला इस्ट्रोजेन भराभर मोडायला लावतात. त्यामुळे गर्भनिरोधक गोळी फसू शकते, रिफॅम्पिसिन थांबवल्यावरही सुमारे चार आठवडे. त्या काळात दुसरं साधन वापरावं.

का चढतं?

चरबीतलं अ‍ॅरोमाटेज हे मुख्य कारण. पाळी गेल्यावर ओव्हरी थंडावते, पण मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतलं पुरुषी हार्मोन चरबीत इस्ट्रोन होत राहतं. जितकी चरबी जास्त, तितकं हे जास्त. त्यामुळे वजनदार बायकांना वाफांचा त्रास कमीच होईल असं नाही, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका नक्की वाढतो.

पीसीओएसमध्ये, म्हणजे बीज वेळेवर न पडण्याच्या आणि पाळी लांबण्याच्या त्रासात, ‘इस्ट्रोजेन खूप वाढलंय’ असं ऐकू येतं. बहुधा ते साध्याच पातळीत असतं. कमतरता असते ती प्रोजेस्टेरॉनची, कारण बीज वेळेवर पडत नाही. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन ते पिकवतं आणि ते उतरलं की अस्तर गळतं. पीसीओएसमध्ये जे होतं ते असं की गव्हाला पाणी देतच राहायचं आणि कापणीला कुणी यायचंच नाही. म्हणून पाळी तीन महिन्यांहून जास्त लांबू देऊ नये, असं डॉक्टर बजावतात. १० ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉनजातीची गोळी देऊन अस्तर गळू देतात. वर्षातून दोनदाच पाळी येते आणि ‘कटकट नाही, बरंय’ असं वाटत असेल, तर ते बरं नाही.

पुरुषांची साधारण मर्यादा १० ते ४०. त्यांनाही इस्ट्रोजेन लागतं. १९९४ साली एका तरुणाचं वर्णन प्रसिद्ध झालं, ज्याच्या शरीरात इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, म्हणजे पेशींतल्या ज्या जागांना चिकटून हार्मोन काम करतं त्या, निकामी होते. त्याची उंची प्रौढपणीही वाढतच होती आणि हाडं ठिसूळ झाली होती. पातळी वाढते ती लठ्ठपणात, यकृत खराब झाल्यावर आणि जिममध्ये मिळणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी, कारण जास्तीचं टेस्टोस्टेरॉन अ‍ॅरोमाटेजच्या हाती लागतं. स्पायरोनोलॅक्टोन या औषधानेही पुरुषांची छाती वाढते, तिथे ते पुरुषी हार्मोनला अडवतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची छाती थोडी फुगणं मात्र वयाचं असतं, बहुधा एक-दोन वर्षांत जातं. एकाच बाजूला कडक गाठ किंवा स्तनाग्रातून रक्त असेल तर कोणत्याही वयात दाखवा.

सोयाबीनचं काय?

मालवा म्हणजे सोयाबीनचा पट्टा. देशाची सोयाबीन संशोधन संस्थाही इंदूरलाच, खंडवा रोडवर आहे. त्यामुळे ‘सोया खाऊन मुलांची छाती वाढते’ ही अफवा इथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त चवीने सांगितली जाते. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन्स असतात, ते इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला चिकटतात हे खरं. पण त्यांची ओढ जास्त करून दुसऱ्या प्रकारच्या, बीटा रिसेप्टरकडे असते आणि जोर अगदी कमी. पुरुषांवर झालेल्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात सोयाने टेस्टोस्टेरॉन घटल्याचं किंवा इस्ट्रोजेन वाढल्याचं दिसलेलं नाही. सोयाबीनच्या रिफाइंड तेलात तर आयसोफ्लेव्होन्स जवळपास नसतातच. वाटीभर सोयाबडीची भाजी निर्धास्त खा. जवसाची चटणीही. दोन्हींनी वाफा थांबतील अशी आशा मात्र धरू नका.

सोयाची खरी अडचण दुसरीच. थायरॉइडची गोळी ते आतड्यात अडवतं. गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर ठेवा.

बाहेरून द्यायचं असेल तर

२००२ साली अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला गेला आणि जगभर हार्मोन थेरपीची भीती बसली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं हे बातम्यांत मागे पडलं. पुढच्या विश्लेषणांतून आज मान्य झालेलं मत असं की वय ६० च्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत, तीव्र त्रास असलेल्या निरोगी बाईला फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त. स्तनांचा कॅन्सर होऊन गेलेला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली, यकृताचा चालू आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, अशांना नाही.

एक नियम मोडायचा नाही. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हवंच. रोज १०० मिलिग्रॅम किंवा महिन्यात १२ दिवस २०० मिलिग्रॅम, हे नेहमीचे डोस. शेजारणीची पिशवी काढलेली असते, तिला नुसतं इस्ट्रोजेन चालतं. तिची चिठ्ठी दाखवून दवा बाजारातून तीच गोळी आणली की आपल्या अस्तराची जाडी वाढू लागते. गोळीपेक्षा त्वचेवर लावायच्या जेलने रक्तात गाठ होण्याचा धोका कमी असतो, कारण ते आधी यकृतातून जात नाही. जेल दंडाला किंवा मांडीला लावायचं, छातीला नाही. सुकेपर्यंत थांबायचं आणि लगेच नातवंडाला उचलून घ्यायचं नाही, कारण ते त्याच्या त्वचेवर लागतं.

त्रास फक्त कोरडेपणाचा आणि लघवीचा असेल तर योनीत लावायचं कमी मात्रेचं क्रीम पुरतं : दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात त्याचं प्रमाण फारसं चढत नाही. ‘इस्ट्रोजेन डॉमिनन्स’वर विकले जाणारे डिटॉक्स काढे आणि पावडरी यांत आमच्या मते पैसे घालू नयेत, त्यांनी काय उतरलं आणि किती, हे विकणाराही दाखवू शकत नाही.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तो ‘पुन्हा पाळी आली’ समजून हसण्यावारी नेऊ नका. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि आतून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजून घ्या. ती ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर बहुधा काळजी नसते. त्याहून जाड असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. ही बायोप्सी बहुतेकदा ओपीडीतच होते. आणि अस्तर पातळ निघूनही डाग पुन्हा दिसू लागला, तर पहिला चांगला रिपोर्ट दाखवून घरी बसायचं नाही. बायोप्सी तेव्हाही करायची.